पैसे साठवून बोटीवर निघताना: किनाऱ्यावरच्या आठ वर्षांचा हिशेब

रेवसची लाँच

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं शिडाच्या बोटीवर राहतो आणि लांबच्या प्रवासाला निघणार आहोत, असं मागे एका गप्पांच्या धाग्यावर सहज लिहून गेले होते. तेव्हापासून निरोपांतून एकच प्रश्न येतोय: पैसे कुठून आणले? दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा काढते आहे. आता निघायला तीन महिने उरलेत, त्यामुळे हिशेब माझ्याही डोळ्यांसमोर ताजा आहे.

माझं माहेर अलिबागजवळ. मुंबईला जायचं म्हणजे रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांना पाणी अंगावर यायचं, आई डोळे मिटून बसायची आणि मी कठड्याला धरून उभी. नवरा सोलापूरचा. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी. मी नर्स, तो डिप्लोमा झालेला फिटर. 2017 मध्ये न्यूझीलंडला आलो आणि 2018 मध्ये ऑकलंडच्या उत्तरेला फांगारेई नावाच्या गावात नोकरी लागली म्हणून तिथे गेलो. बोटीचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता.

तो विचार त्या गावाने घातला. दक्षिण पॅसिफिकच्या उष्ण भागात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम असतो. टोंगा, फिजी, वनुआटू या बेटांवर फिरणाऱ्या शिडाच्या बोटी त्या आधी हजारेक सागरी मैल दक्षिणेला येतात आणि न्यूझीलंडमध्ये उन्हाळा काढतात. बऱ्याचशा ओपुआ बंदरात कस्टम्सचे सोपस्कार करून दुरुस्तीसाठी फांगारेईला येतात. गावात बोटींची आवारं, शिडं शिवणारे, वेल्डर, रंगारी सगळं आहे. नवऱ्याला अशाच एका आवारात काम मिळालं. पहिले चार महिने फक्त घासकाम: बोटींचे तळ पॉलिशपेपरने घासायचे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत निळी पूड.

तिथे आम्ही पहिल्यांदा पाहिलं की या बोटींवरची माणसं श्रीमंत नसतात. आमच्या ओळखीच्या जोडप्यातली बायको दुसऱ्यांची शिडं शिवायची, नवरा डोलकाठीच्या तारा बदलून द्यायचा. एक शिक्षिका होती, ती वर्षातले सहा महिने शाळेत बदली शिक्षिका म्हणून काम करायची. सहा महिने किनाऱ्यावर कमवायचं, सहा महिने पाण्यावर काढायचे. अमेरिकेची लिन आणि कॅनडाचा लॅरी पार्डी हे जोडपं असंच जगलं. त्यांनी 24 फुटांची सेराफिन स्वतः बांधली, 1968 मध्ये पाण्यात उतरवली, तिला इंजिनही नव्हतं. वाटेत दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करून ते पोट भरत. त्याही आधी जोशुआ स्लोकम. 1895 ते 1898 या काळात एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याची स्प्रे ही बोट म्हणजे शेतात पडलेला जुना सांगाडा होता. ती नव्याने उभी करायला त्याने तेरा महिने स्वतः राबून घालवले आणि सामानाला लागले 553 डॉलर 62 सेंट. सेंटपर्यंतचा हिशेब त्याने लिहून ठेवला, ही गोष्ट मला फार आवडते. ज्याला पैसे मोजून खर्च करावे लागतात तोच असा हिशेब ठेवतो.

मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करत होते. तिथल्या एका आजोबांविषयी, नाव न घेता, लिहिते. सत्तरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये घराच्या अंगणात बोटी बांधायचं वेड होतं. लोक हार्टली या बोटरचनाकाराचे नकाशे विकत आणून फेरोसिमेंटच्या, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेल्या बोटी बांधत. या आजोबांनीही बांधली. अकरा वर्षं लागली. बोट पाण्यात उतरली, पण बेटांवर कधीच गेली नाही. आधी इंजिन बदलायचं होतं, मग गृहकर्जाचे शेवटचे हप्ते, मग बढती, मग बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन. प्रत्येक कारण खरं होतं. शेवटी त्यांनी ती विकली. पहाटे चारला औषध द्यायला गेले की ते जागे असायचे. आमच्या डोक्यात बोटीचं चाललंय हे कळल्यापासून ते किती पैसे साठले असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "तारीख ठरली का?"

मला या धाग्यात मुख्य सांगायचंय ते हेच. आधी तारीख ठरवा, रक्कम नंतर. रक्कम ठरवून बसलं की ती पुढे सरकत राहते, कारण पगार वाढतो तशी भीतीही वाढते. आम्ही 2020 मध्ये भिंतीवर लिहिलं: मे 2026. मे यासाठी की वादळांचा मोसम एप्रिलअखेर संपतो आणि इथला हिवाळा बसायच्या आत उत्तरेला निघावं लागतं. आणि 2026 का, तर त्याचा संबंध पासपोर्टशी आहे.

भारतीय पासपोर्टवर बोटीने फिरता येतं. फिजी, वनुआटू, कुक बेटं इथे आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण फ्रेंच पॉलिनेशिया, न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलिया या सगळ्यांना लागतो. विमानाच्या प्रवाशाला तारीख सांगता येते, शिडाच्या बोटीला सांगता येत नाही. वारा पडला की तुम्ही चार दिवस उशिरा पोचता आणि हवामान फिरलं तर भलत्याच देशात आसरा घ्यावा लागतो. म्हणून आम्ही इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. त्याची अट अशी: रहिवासी व्हिसा मिळाल्यावर पाच वर्षांत एकूण 1350 दिवस देशात हजर हवं आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी किमान 240 दिवस. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त सव्वाशे दिवस बाहेर. बेटांचा एक मोसम सहा महिन्यांचा, सरळ 180 दिवस. बोट तयार असती आणि खिशात पैसे असते तरी त्या पाच वर्षांत आम्हाला एकही पूर्ण मोसम बाहेर काढता आला नसता. आमचे ते दिवस फेब्रुवारी 2020 ला सुरू झाले. महिन्याभरात कोविडमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. आईला दोन वर्षांहून जास्त काळ भेटले नाही.

गेल्या वर्षी शपथ घेतली आणि भारतीय पासपोर्ट परत केला. दोन्ही ठेवायची सोय आपल्या कायद्यात नाही. त्या दिवशी मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे, घरी कधीही जाता येईल, तरीही.

आता पैसे. एक न्यूझीलंड डॉलर साधारण 50 रुपयांचा धरा.

बोट नोव्हेंबर 2020 मध्ये घेतली, 26 हजार डॉलरला. कॅव्हेलियर 32, बॉब सॉल्टहाउसची रचना, सत्तरच्या दशकातली फायबरग्लासची. 32 फूट लांबी. आतमध्ये उभं राहता येतं, दोघांना झोपता येतं, तिसऱ्याला अवघडून. मोठी बोट घ्यायचा सल्ला खूप जणांनी दिला. पण लांबी वाढली की खर्च त्या पटीत न वाढता त्याहून जास्त वाढतो. शिडाचं कापड, नांगराची साखळी, तळाचा रंग, धक्क्याचं भाडं, सगळं जड होतं आणि नवी नोकरी त्या बोटीसाठीच करावी लागते.

त्याच महिन्यात भाड्याचं घर सोडलं आणि बोटीवर राहायला गेलो. आमची सगळी बचत या एका निर्णयात आहे. घराला आठवड्याला 380 डॉलर जात होते, महिन्याला साडेसोळाशे. बोट हातेआ नदीत दोन खांबांच्या मध्ये बांधतो, धक्क्याला लावत नाही. डिंगी, म्हणजे छोटी होडी, वल्हवत किनाऱ्यावर जावं लागतं म्हणून भाडं कमी. ते भाडं, आंघोळीची नाणी, लाँड्री आणि गॅस मिळून साडेचारशेच्या आत. फरक बाराशेचा. तो पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात जातो आणि त्याला हात लावायचा नाही. पाच वर्षं आणि थोडे महिने झाले, आज त्या खात्यात व्याजासकट 77 हजार आहेत. जेवण, बोटीची दुरुस्ती, भारतातल्या घरी पाठवायचे पैसे, हे सगळं उरलेल्या पगारातून.

सोपं नव्हतं. जुलैत सकाळी आतल्या छतावरून थेंब टपकतात. रात्रपाळीहून आल्यावर ओहोटी असली की डिंगी चिखलातून ओढत न्यायची, युनिफॉर्म पिशवीत गुंडाळून. फेब्रुवारी 2023 मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आलं तेव्हा दोन रात्री प्रत्येक दोर दुहेरी करून बसलो होतो. गावातली वीज गेलेली आणि नदीतून झाडांचे ओंडके वाहत येत होते. बांबूने एकेक बाजूला ढकलत होतो.

दुरुस्तीवर आजवर 34 हजार गेले, बोटीच्या किमतीपेक्षा जास्त. हे आधी कुणी सांगत नाही. त्यातली एकच गोष्ट सविस्तर सांगते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा डेकमधून खाली जाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. त्यांना चेनप्लेट म्हणतात. आमच्या पट्ट्या वरून आरशासारख्या चकचकीत होत्या. विकणाऱ्या मध्यस्थाने सांगितलं, नव्यासारख्या आहेत. नवऱ्याने बोल्ट काढून एक पट्टी वर खेचली, म्यानातून तलवार काढावी तशी. डेकच्या जाडीत जो इंचभर भाग लपलेला असतो तिथे मेंदीच्या रंगाची बारीक रेघ होती, बाकी काही नाही. त्याने ती शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, धरून हाताने दाबली आणि ती तुटली. आतला भाग खड्या मिठासारखा दाणेदार. स्टेनलेस स्टीलला न गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या फटीत पाणी साचून राहिलं आणि हवा पोचली नाही की स्टील तिथेच आतून खाल्लं जातं आणि वरून कळत नाही. आठ पट्ट्या होत्या. तीन तशाच निघाल्या. भर समुद्रात त्यातली एक तुटली असती तर डोलकाठी गेली असती. नव्या पट्ट्या नवऱ्याने आवारातल्या यंत्रावर सुट्टीच्या दिवशी स्वतः कापल्या, फक्त धातूचे पैसे लागले. किनाऱ्यावर कोणती नोकरी करावी असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, घरात दोघं असाल तर एकाने पगाराची करावी आणि एकाने बोटीच्या जवळची.

शेवटचा मोठा खर्च तपासणीचा. न्यूझीलंडच्या बावट्याखालची खासगी बोट परदेशी निघणार असेल तर कॅटेगरी एकची सुरक्षा तपासणी पार करावी लागते, नाहीतर निघताच येत नाही. लाइफराफ्ट, नोंदणी केलेला ईपर्ब (संकटात उपग्रहावरून हाक देणारं यंत्र), वादळी शिडं, अंगावर बांधायचे सुरक्षापट्टे आणि ते अडकवायचे दोर, पाणी उपसायचे पंप, सुकाणू मोडलं तर काय करणार त्याची प्रत्यक्ष सोय. या एकट्या यादीला साडेनऊ हजार लागले, ते वरच्या 34 मध्ये धरलेत. बरेच जण या नियमावर रागावतात. मला तो पटतो.

बेटांवर महिन्याला अडीच हजार डॉलर खर्च धरलाय. म्हणजे 77 हजारांत अडीच वर्षं. पण सलग जायचंच नाही. नोव्हेंबरला परत येणार आणि मी पुन्हा वॉर्डात. नर्सची नोंदणी टिकवायला तीन वर्षांत 450 तास काम लागतं, ते एका उन्हाळ्यात होतं. नवऱ्याच्या आवारात तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी असते. हे जमलं तर 77 हजारांना बरीच वर्षं धक्का लागणार नाही.

विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

हर्णैकर

ताई, एका दमात वाचलं. आमचं घराणं मासेमारीचं, आजोबा तांडेल होते. तुमच्या सहा महिने किनारा आणि सहा महिने पाणी या गणितात मला आमचंच वर्ष दिसलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्याआधी होडी ओढून घ्यायची, झावळ्यांनी शाकारायची, मग जाळी विणायची, तळाला तेल द्यायचं. आजोबा म्हणायचे की होडीचं आयुष्य पावसाळ्यात ठरतं. किनाऱ्यावर जी निगा राखली तीच भादव्यात कामाला येते.

एक फरक मात्र मनात राहतो. आम्ही समुद्रावर कमवायला जातो. तुम्ही कमवून समुद्रावर जाताय. माझ्या वडिलांना हे कसं समजावून सांगू याचा विचार करत होतो. रात्री जेवताना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "नांगर किती किलोचा आहे त्यांचा?"

रेवसची लाँच

हर्णैकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. मुख्य नांगर 20 किलोचा, 8 मिलिमीटरची साखळी 60 मीटर. बोटीच्या मानाने एक माप मोठा घेतलाय. झोप त्याच्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे आणि मी तो विसरत नाही. रेवसच्या लाँचवरचे खलाशी आणि आम्ही एकाच समुद्रावर असलो तरी आमच्याकडे परत फिरायची सोय आहे.

इंजिनरूम

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनीअर, मूळ चिपळूणचा. पैसे साठवायचेच असतील तर किनाऱ्यापेक्षा जहाज बरं, हे माझं प्रामाणिक मत. सहा महिने जेवण कंपनीचं, राहणं कंपनीचं, बाजार नाही, पेट्रोल नाही. परदेशातले दिवस नीट मोजले तर कराचाही फायदा. बारा वर्षांत मी जे साठवलं ते मुंबईत नोकरी करून साठलं नसतं.

पण समुद्र पाहिला का असं कुणी विचारलं तर सांगतो की मी इंजिनरूम पाहिली. बंदरात उतरायला चार तास मिळाले तर नशीब. वाऱ्यावर चालणारी बोट कशी असते हे मला अजून माहीत नाही आणि म्हणूनच हा धागा वाचतोय.

एक सल्ला धंद्यातला. छोट्या डिझेल इंजिनाची दुखणी बहुतेक इंधनाची किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची असतात. टाकीच्या तळाला पाणी आणि शेवाळासारखा गाळ साचतो आणि लाटांत बोट हलली की तो गाळ वर येऊन फिल्टर चोंदतो. नेमका खराब हवेत, जेव्हा इंजिनाची गरज असते तेव्हा. निघायच्या आधी टाकी उघडून हाताने साफ करा. पाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर (आतली पाणी ढकलणारी चक्रं) किमान चार जवळ ठेवा आणि अंधारात बदलायची सवय करा.

रेवसची लाँच

टाकी मागच्याच महिन्यात उघडली. तळाशी दोन बोटं काळा गाळ होता. तुमचा शब्दन् शब्द खरा. इम्पेलर तीन आहेत, चौथा घेते.

जहाजाच्या नोकरीचा विचार नवऱ्याने केला होता. पण सहा-सहा महिने वेगळं राहून, शेवटी एकत्र राहता यावं म्हणून पैसे साठवायचे, हे आम्हाला दोघांनाही नको होतं.

खडकवासला

मी पुण्यात आयटीमध्ये, वय 34, लग्न झालेलं नाही. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटींच्या मोहिमा झाल्या तेव्हापासून डोक्यात आहे. दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले, मग मुलींच्या तुकडीने केलं. पण मी नौदलात नाही. भारतात राहून माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? आधी पैसे की आधी शिकणं?

कुलाबा डिंगी

आधी शिकणं, शंभर टक्के. मी दहा वर्षं मुंबई बंदरात डिंगी चालवतो. ऑक्टोबर ते मे हा आपला मोसम, दुपारचे खारे वारे म्हणजे घड्याळ लावून घ्यावं असे. मुंबईत क्लब आहेत, हैदराबादला हुसेनसागरवर शिकवतात. शर्यतींना बऱ्याच बोटींना माणूस कमी पडतो. वेळेवर येणारा आणि सांगितलेलं ऐकणारा खलाशी कुणालाही हवा असतो. दोन मोसम फुकट शिकून होतील.

बोट भारतात घ्यायच्या फंदात लगेच पडू नका. सप्टेंबर 2025 पासून करमणुकीच्या बोटींवर 40 टक्के जीएसटी आहे, आयात केली तर सीमाशुल्क वेगळं. कायमची लावायला जागाही मोजक्याच, कोचीच्या बोलगट्टीची मरीना सोडली तर पश्चिम किनाऱ्यावर तशी सोय कमी. मलेशियाचं लंगकावी बेट करमुक्त आहे. जग फिरता फिरता थकलेले लोक तिथे आणि थायलंडच्या फुकेतला आपल्या बोटी विकतात, त्यामुळे वापरलेल्या पण सामानाने भरलेल्या बोटी मिळतात. भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर, त्यामुळे ती अडचण नाही. पण दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेत तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो, तो आधी हिशेबात धरा.

रेवसची लाँच

कुलाबा डिंगी यांच्याशी सहमत. खडकवासला, तुम्ही नावं घेतलीत ती माझ्याही घरात भिंतीवर आहेत. दोंदे ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि मे 2010 ला परत आले, तेव्हा मी मुंबईतच नोकरीला होते. म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर बांधली, हे वाचून इतका आनंद झाला होता. पण ती नौदलाची मोहीम होती. बोट, सामान, पगार, मागे उभी असलेली माणसं, सगळं संस्थेचं. त्यांच्या धैर्याबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. फक्त आपल्यासारख्याचा प्रश्न त्या वाटेने सुटत नाही, आपल्याला दर महिन्याला पगारातून थोडं थोडं बाजूला काढावं लागतं.

तुमचं वय 34 आणि जबाबदारी कमी. एक करा. आतापासून तीन वर्षांनंतरची तारीख लिहा, आणि या ऑक्टोबरला पाण्यावर जा.

ब्रिस्बेनकर

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये. आम्ही नऊ वर्षं साठवलं, घर विकलं, 38 फुटांची बोट घेतली. पहिल्याच लांब पल्ल्यात बायकोला समुद्र लागला तो उतरलाच नाही. पाच दिवस पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. तिसऱ्या रात्री तिचा हात धरून बसलो होतो तेव्हा मला कळलं की नऊ वर्षांत आम्ही एकदाही रात्रभर पाण्यावर एकत्र राहिलो नव्हतो. शनिवार-रविवार खाडीत फिरलो होतो, बस. वर्षाच्या आत बोट विकली, पडत्या भावात. घर मात्र त्या भावात परत मिळालं नाही.

आज आम्ही आनंदात आहोत, तिला काही बोल लावायचा नाही. पण जो कुणी हे वाचून साठवायला लागेल त्याने पहिल्याच वर्षी दुसऱ्याच्या बोटीवर चार-पाच दिवसांचा उघड्या समुद्रातला प्रवास करावा, दोघांनी. नऊ वर्षांनी कळण्यापेक्षा ते बरं.

रेवसची लाँच

दादा, राग कसला? हे मूळ लेखात यायला हवं होतं, माझं राहून गेलं. वाचणाऱ्यांनी माझ्या आकड्यांआधी यांचा प्रतिसाद वाचावा.

आमचं असं झालं: 2023 च्या ऑक्टोबरात फिजीहून ओपुआला येणाऱ्या एका बोटीला दोन माणसं हवी होती. पगार नाही, जेवण त्यांचं. वर्षाची रजा त्यातच घातली. नऊ दिवस लागले. मला पहिले तीन दिवस भयंकर गेले, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून पहाऱ्याला बसायचे. चौथ्या दिवशी भूक लागली आणि खिचडी केली. नवऱ्याला काहीच झालं नाही, सोलापूरच्या माणसाला! त्या नऊ दिवसांनी ठरवलं की आपण जाणार. उलटं झालं असतं तर बोट तेव्हाच विकली असती आणि नुकसान थोडक्यात निभावलं असतं.

माधुरी सांगली

तुम्ही पैशांचं सगळं लिहिलंत, पण माझा प्रश्न वेगळा आहे. आईवडील. माझे सत्तरीचे आहेत. मी बंगळूरला आहे तरी रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुम्ही समुद्रात असाल तेव्हा काय?

रेवसची लाँच

माधुरी, हा प्रश्न मला रोज पडतो. वडील 2016 मध्ये गेले. आई 72 वर्षांची, भावाजवळ आहे. बोटीवर उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र घेतलंय, त्यावर भावाचा निरोप दहा मिनिटांत पोचतो. पण निरोप पोचला म्हणून मी पोचत नाही. समुद्राच्या मधोमध असले तर जवळच्या विमानतळाला पोचायलाच पाच-सहा दिवस लागतील. हे मी आईशी बोलले, आडपडदा न ठेवता. म्हणाले, तू नको म्हणालीस तर तारीख पुढे ढकलते. ती म्हणाली, "कोविडात तू दोन वर्षं जमिनीवर होतीस, तेव्हा कुठे येता आलं?"

साठवलेल्या पैशांतले 6 हजार डॉलर मी वेगळ्या खात्यात ठेवलेत. ते बोटीसाठी नाहीत. कोणत्याही बेटावरून मुंबईचं तिकीट, बोट तिथे धक्क्याला बांधून ठेवायचं भाडं आणि आईजवळ दोन महिने. डोलकाठी पडली तरी त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय. डिसेंबरात महिनाभर अलिबागला जाऊन आले. तिने लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या आणि सांगितलं, मेच्या आत उघडायच्या नाहीत.

माधुरी सांगली

हे वाचून बरं वाटलं. आईंना नमस्कार.

खडकवासला

कुलाब्याच्या एका क्लबला फोन केला. ऑक्टोबरच्या पहिल्या तुकडीत नाव घातलंय. तारीख लिहिलीय, पण इथे सांगत नाही.

हर्णैकर

ताई, वडिलांनी विचारायला सांगितलंय की साखळीचं शेवटचं टोक बोटीला कशाने बांधलंय. म्हणाले, तिथे लोखंडी कडी नको, दोर हवा. कधी नांगर अडकला आणि वारा फिरला तर कोयत्याने एका घावात सोडता आला पाहिजे.

रेवसची लाँच

हर्णैकर, तुमचा निरोप वाचून नवरा टॉर्च घेऊन पुढच्या कप्प्यात उतरला. लोखंडी कडीच होती, गंजून घट्ट बसलेली. करवतीने कापायला पाऊण तास लागला. आता तिथे 12 मिलिमीटरचा नायलॉनचा दोर आहे, डेकपर्यंत येईल एवढा लांब, आणि शेजारी सुरी बांधून ठेवलीय. वडिलांना सांगा.

शनिवारी सकाळच्या भरतीला बोट आवारात नेतोय, तळाला शेवटचा रंग द्यायला. उचलपुलाच्या माणसाला साडेसातला रेडिओवर हाक मारायची आहे. ते मताउ आ पोहे पूल वर उचलला जातो तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात, त्यात माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीही असतील, सकाळच्या पाळीला निघालेल्या. रंग वाळेपर्यंत चार दिवस बोट लाकडी टेकूंवर राहील. चेनप्लेटचे जुने तुकडे जपून ठेवलेत, त्यांचे फोटो तेव्हा टाकते.